ट्रॉम्बे बंद करायचं की नाही, हा प्रश्नच अर्धवट आहे

ट्रॉम्बेच्या औष्णिक वीजकेंद्रावरून मुंबईत चाललेला वाद आता पाठ झाल्यासारखा झाला आहे. एका गटाच्या हातात माहुल-चेंबूरची हवा आहे, दुसऱ्याच्या हातात १२ ऑक्टोबर २०२० ही तारीख, म्हणजे सगळ्या मुंबईची वीज गेली तो दिवस. पहिला गट म्हणतो, राजस्थानातून सौरवीज आणा आणि कोळसा आजच थांबवा. दुसरा म्हणतो, शहरातली निर्मिती काढली तर पुन्हा लोकल रुळांवर थिजतील. मध्यंतरी वीज नियामक आयोगाने ट्रॉम्बेचे २०२४ मध्ये संपणारे वीजखरेदी करार २०२९ पर्यंत वाढवले. एका गटाला तो विश्वासघात वाटला, दुसऱ्याला शहाणपण. दोन्ही गट एकच गोष्ट गृहीत धरतात: वीज कुठे तयार होते यावर शहराची सुरक्षितता ठरते. माझं म्हणणं असं की ही समजूत चुकीची आहे. मुंबई शंभर वर्षांहून अधिक काळ बाहेरच्या ऊर्जेवर जगते आहे आणि पुढेही जगणार आहे. प्रश्न आहे तो ही ऊर्जा किती वेगळ्या वाटांनी येते, संध्याकाळी सात ते अकरासाठी ती कुठे साठवलेली असते, आणि सगळ्या वाटा एकदम बंद झाल्या तर शहराचा कोणता भाग जिवंत ठेवायचा, याचा. या तिन्हींची उत्तरं तयार झाली की ट्रॉम्बेचा कोळसा बंद करायलाच हवा. ती तयार नसतील तर तो चालू ठेवूनही फारसं काही वाचत नाही.

आधी हिशेब मांडू. मुंबईची कमाल मागणी आता ४,००० मेगावॉटच्या पुढे जाते. शहराची स्वतःची म्हणावी अशी निर्मिती म्हणजे ट्रॉम्बेचे कोळशावरचे ५०० आणि २५० मेगावॉटचे दोन संच, तिथलाच वायूवर चालणारा १८० मेगावॉटचा संच, डहाणूचे ५०० मेगावॉट आणि खोपोली, भिवपुरी, भिरा इथली ४४७ मेगावॉट जलविद्युत. बेरीज १,८७७. सगळं एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चाललं, जे क्वचितच होतं, तरी निम्मी गरजही भागत नाही. शिवाय यातलं डहाणू शंभराहून अधिक किलोमीटरवर, आणि जलविद्युत घाटाच्या पायथ्याशी. ‘शहरातली निर्मिती’ म्हणतात तिचा मोठा भाग शहरात नाहीच.

आणि जी खरोखर शहरात आहे तिचं इंधन कुठून येतं? ट्रॉम्बेचा कोळसा प्रामुख्याने इंडोनेशियातून बोटीने येतो. कमी राखेचा, कमी गंधकाचा कोळसा लागतो म्हणून. युनिटमागे साधारण अर्धा किलो धरला, तर ७५० मेगावॉट ८० टक्के भाराने चालवायला रोज सात ते आठ हजार टन कोळसा उतरवावा लागतो. १ जानेवारी २०२२ रोजी इंडोनेशियाने स्वतःची वीजकेंद्रं कोरडी पडतात म्हणून कोळशाची निर्यात काही आठवड्यांसाठी थांबवली होती. त्याच वर्षी युक्रेनच्या युद्धामुळे ऑस्ट्रेलियन कोळशाचा निर्देशक भाव टनाला ४०० डॉलरच्या वर गेला. या सगळ्याचा पडसाद आपल्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ या नावाने उमटतो, आणि बहुतेक जण ती ओळ न वाचता पैसे भरतात. तारेवरून येणारी वीज परावलंबी आणि जहाजातून येणारा कोळसा स्वावलंबी, हे कोणत्या न्यायाने?

परदेशी इंधनाच्या जोरावर उभ्या केलेल्या ‘सुरक्षिततेचा’ महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. नव्वदच्या दशकात एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प राज्याच्या गळी उतरवला गेला तो याच भीतीवर: हा नसेल तर अंधार. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला, रुपया घसरला, नाफ्था महागला, आणि दोन वर्षांत वीज मंडळाने ती वीज घेणंच थांबवलं. केंद्र कोकणात होतं, मनोरे आपले होते, कामगार आपले होते. भाव मात्र डॉलरमध्ये ठरत होता.

आता १२ ऑक्टोबरकडे. ट्रॉम्बे टिकवू पाहणाऱ्यांचा हा सगळ्यात बळकट मुद्दा आहे आणि तो उडवून लावता येत नाही. दोन दिवस आधीच मुंबईकडे येणारी एक ४०० केव्ही (चार लाख व्होल्टची) वाहिनी तार तुटून बंद होती. त्या दिवशी पहाटेपासून पडघे-कळवा मार्गावरच्या वाहिन्या एकामागून एक गेल्या. उरलेल्यांवर भार वाढत गेला आणि दहाच्या सुमारास मुंबई राज्याच्या जाळ्यापासून तुटली. अशा वेळी शहराने आपोआप वेगळं ‘बेट’ होऊन स्वतःच्या निर्मितीवर तग धरावा, अशी आयलँडिंगची व्यवस्था इथे १९८०च्या दशकापासून आहे आणि तिने पूर्वी अनेकदा मुंबई वाचवलीही आहे. त्या दिवशी बेट झालं, पण टिकलं नाही. का? कारण तुटण्याच्या क्षणी बेटाच्या आतली निर्मिती आणि आतली मागणी काही सेकंदांत जुळावी लागते. मागणी जास्त असेल तर वारंवारिता ५० हर्ट्झवरून घसरते. ४९.४ हर्ट्झपासून टप्प्याटप्प्याने रिले, म्हणजे आपोआप चालणारी संरक्षक यंत्रं, फीडर, म्हणजे वस्त्यांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, तोडत जातात. तोडलेला भार पुरेसा नसेल, तर जनित्रं स्वतःच्या बचावासाठी बंद पडतात आणि सगळं कोसळतं.

म्हणजे त्या दिवसाचा धडा ‘आणखी कोळसा हवा’ असा निघत नाही. ट्रॉम्बे होतं, डहाणू होतं, जलविद्युत होती, तरी बेट बुडालं. धडा दोन कलमी आहे. एक, अनेक वाहिन्या असूनही त्या एकाच अरुंद टापूतून येत असतील, तर वाहिन्यांची संख्या फसवी असते. दुसरा, बेट किती मोठं असावं याचा हिशेब कालबाह्य झाला होता. मागणी वाढत गेली, आतली निर्मिती तेवढीच राहिली, तरी आपण सगळ्या शहराला एकच बेट समजत राहिलो.

कोळशाच्या संचाबद्दलची एक साधी यांत्रिक गोष्ट या वादात कुणी बोलत नाही. थंड पडलेला बॉयलर पेटवून संच पूर्ण भारावर आणायला आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त लागतात. चालू संचसुद्धा मिनिटाला एखाद-दोन टक्के एवढाच भार वाढवू शकतो. त्यामुळे ‘अडीअडचणीला असू द्या’ म्हणून ठेवलेला बंद संच अडचणीच्या पहिल्या दहा मिनिटांत शून्य कामाचा. तो उपयोगी पडावा, तर चोवीस तास चालू ठेवावा लागतो, आणि त्याची किमान पातळी असते क्षमतेच्या ५५ टक्क्यांच्या आसपास. ५०० मेगावॉटचा संच म्हणजे अहोरात्र २७५ मेगावॉट, बाहेर दुपारची सौरवीज मातीमोल भावाने मिळत असली तरी. त्याउलट घाटातली जलविद्युत जनित्रं काही मिनिटांत भार उचलतात, आणि बॅटरी सेकंदाच्या आत. काळोखातून जाळं पुन्हा उभं करतानाही पहिली वीज जलविद्युत केंद्रांतून येते आणि तिच्यावर मग औष्णिक संचांचे पंखे-पंप सुरू होतात. सुरक्षिततेचा मान द्यायचाच, तर तो ट्रॉम्बेआधी भिऱ्याला द्यायला हवा.

एवढं म्हटल्यावर कोळसा आजच थांबवा म्हणणाऱ्या गटाकडे वळणं भाग आहे, कारण तिथला हिशेब याहून ढिसाळ आहे. २०२३च्या दिवाळीच्या दिवशी उपनगरांना चार तास पूर्णपणे अक्षय ऊर्जेवर वीज दिल्याची जाहिरात झाली. खरंच दिली असेल. पण कोणते चार तास? दिवसा उजेडीचे, सुट्टीच्या दिवशीचे, कचेऱ्या बंद असतानाचे. जैसलमेरच्या ७०० मेगावॉटच्या सौर-पवन प्रकल्पाची वीज ३ रुपये २४ पैशांना मिळते, ती आयात कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त आहे, यात वाद नाही. पण वर्षाच्या बेरजेत हिरवी असलेली वीज आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी साडेसातला हिरवी असलेली वीज, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. युनिटला काही पैसे जादा भरून ‘शंभर टक्के हरित’ प्रमाणपत्र घेणाऱ्या ग्राहकाच्या घरी रात्री दहाला एसी चालतो तो कशावर, हे प्रमाणपत्र सांगत नाही.

ऑक्टोबर मुद्दाम घेतला. लोकांना वाटतं सौरऊर्जेची खरी अडचण पावसाळ्यात. प्रत्यक्षात जून ते सप्टेंबर महाराष्ट्राला सावरून घेतो: ऊन पडतं कमी, पण साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेलकडे वारा जोरात असतो, तलाव भरत असतात, आणि मागणीही उतरलेली असते. अडचण सुरू होते मोसमी वारे परतल्यावर. वारा पडलेला, हवा दमट, एसी चालू, आणि सूर्य सव्वासहाला मावळलेला. पुन्हा तीच गत एप्रिल-मेच्या रात्री. भागवायची आहे ती ही चार-पाच तासांची फट. ट्रॉम्बेचे ७५० मेगावॉट या चार तासांतून वजा केले, तर ३,००० मेगावॉट-तास, म्हणजे ३० लाख युनिट, दुसरीकडून यायला हवेत.

घराघरांवर सौर पॅनेल लावून ते येतील का? एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावलीविना जागा लागते. मुंबईतल्या वीस मजली इमारतीची गच्ची ३,००० चौरस फुटांची धरली, तर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, अग्निशमनाची वाट आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा जाता १५ किलोवॉट बसले तरी पुष्कळ. त्यातून दिवसाला सरासरी ६० युनिट. खाली ऐंशी घरं, प्रत्येकी आठ-नऊ युनिटांची. जिन्यातले दिवे, पंप आणि लिफ्टचा थोडा भाग निघेल. सोसायटीने ते जरूर करावं, बिल कमी होतं. पण शहराचा प्रश्न त्याने सुटेल, असं म्हणणाऱ्याने एकदा गच्चीवर टेप घेऊन जावं.

उत्तर सह्याद्रीत आहे, आणि ते नवं नाही. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं तेव्हा मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत होत्या, आणि तो कोळसा बंगालसारख्या दूरच्या खाणींतून येई. लोणावळा, वळवण, शिरवता इथे पावसाचं पाणी अडवायचं, पाचशेहून अधिक मीटर खाली सोडायचं आणि तयार झालेली वीज तारांवरून परळपर्यंत न्यायची, ही कल्पना ऐकून गिरणीमालक आधी साशंकच होते. पावसावर भरवसा ठेवायचा? डोंगरातून येणाऱ्या तारेवर? आज ट्रॉम्बेच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद हाच आहे, फक्त पावसाच्या जागी ऊन आलं. मग १९२२ मध्ये भिवपुरी आलं, १९२७ मध्ये भिरा, आणि या केंद्रांनी शहराला शतकभर स्वस्त वीज दिली.

त्याच घाटात आता उदंचन प्रकल्पांचं नियोजन आहे: भिवपुरीला १,००० मेगावॉट, शिरवत्याला १,८००. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी त्याचा सामंजस्य करार झाला. दुपारी स्वस्त सौरविजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी तेच खाली सोडायचं. पाचशे मीटरांवरून एक घनमीटर पाणी सोडलं की सुमारे सव्वा युनिट वीज मिळते. १,००० मेगावॉट सहा तास चालवायला ५० लाख घनमीटर पाणी पुरतं, म्हणजे एक टीएमसीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, आणि ते पाणी संपत नाही, वरखाली फिरत राहतं. चढवायला लागलेल्या विजेपैकी ७५ ते ८० टक्के परत मिळते. उरलेली जाते, आणि ती किंमत प्रामाणिकपणे मोजायला हवी. पण भिऱ्यात १५० मेगावॉटचा असा संच १९९०च्या दशकापासून चालू आहे, त्यामुळे हे तंत्र इथे जमेल का, हा प्रश्न उरलेला नाही. वर काढलेली ३० लाख युनिटांची फट एकट्या भिवपुरीच्या निम्म्या साठ्यात बसते.

पण इथेच गोष्टी अडतात. घाटातून मुंबईकडे येणाऱ्या जुन्या वाहिन्यांतल्या बऱ्याच ११० केव्हीच्या आहेत. तशा एका सर्किटवरून शंभरेक मेगावॉट न्यायचे म्हणजे झालं. हजार मेगावॉटचा प्रकल्प बांधून त्याला जुनीच वाट दिली, तर डोंगरात भरलेली टाकी आणि शहरात कोरडा नळ. नवी ४०० केव्ही वाहिनी टाकायची, तर ४६ ते ५२ मीटर रुंद पट्टा लागतो. कर्जत-पनवेलच्या बाजूला तो आज मिळाला तर मिळाला. दहा वर्षांनी तिथे गृहसंकुलं असतील. खारघर-विक्रोळी वाहिनी आठवावी: मुंबईच्या हद्दीतलं पहिलं ४०० केव्ही उपकेंद्र, हजार मेगावॉट जास्तीची आयात क्षमता, आणि ते व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. मूळ नियोजनानंतर दशक उलटलं, जागा मिळेना, प्रकल्प एका कंपनीकडून काढून दुसरीकडे द्यावा लागला. १२ ऑक्टोबरला ती वाहिनी असती, तर ही चर्चा आपण वेगळ्या सुरात केली असती. कुडूस ते आरे ही हजार मेगावॉटची एकदिश प्रवाहाची वाहिनी तर ८० किलोमीटरपैकी ५० किलोमीटर जमिनीखालून आखावी लागली. तिच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे: अशा वाहिनीच्या टोकाचं केंद्र शहरातला व्होल्टेज सावरतं आणि जाळं कोसळल्यावर ते उभं करायलाही मदत करतं. हे काम आज ट्रॉम्बेची अवजड जनित्रं करतात.

ज्यांना माहुलच्या हवेची कळकळ आहे, त्यांच्यातलेच काही जण खारफुटीतल्या मनोऱ्याला आणि आरेतल्या उपकेंद्रालाही विरोध करतात. प्रत्येक विरोधामागे रास्त कारण असतं, मान्य. पण कोळसा नको, तार नको, उपकेंद्रही नको, ही भूमिका शेवटी कोळशाच्याच पथ्यावर पडते. करार वाढवून घेणाऱ्याला आयोगासमोर एवढंच म्हणावं लागतं: वाहिनी झालेली नाही. आणि ते खरं असतं.

स्वच्छ विजेच्या बाजूने बोलताना तिची किंमत कोण भरतं, हेही लपवू नये. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं धरण झालं आणि पन्नासच्या वर गावांची जमीन गेली. १९२१ मध्ये रामनवमीला सुरू झालेला मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापट आपल्याला शाळेपासून माहीत असतात, पण त्या सत्याग्रहाच्या दुसऱ्या टोकाला मुंबईतले दिवे होते, हे सहसा सांगितलं जात नाही. आजही भीमेच्या खोऱ्यातलं पाणी वीज करून कोकणात उतरतं आणि पुणे-सोलापूरकडून ते परत मागितलं जातं. राजस्थानात माळढोकाच्या अधिवासातून जाणाऱ्या तारांचं प्रकरण २०२१ पासून सर्वोच्च न्यायालयात गाजलं. म्हणून उदंचनासाठी नवी दरी बुडवण्याऐवजी आहेत तेच तलाव वापरणं मला अधिक न्याय्य वाटतं, आणि पाण्याचा दावा करणाऱ्यांना आधीच विश्वासात घेणं स्वस्तही पडतं.

उरला बेटाचा प्रश्न. सगळ्या ४,००० मेगावॉटचं एक बेट टिकवायचा हट्ट सोडून रुग्णालयं, लोकल-मेट्रो, पाण्याचे पंप, मलनिस्सारण आणि विमानतळ यांची लहान बेटं आखायला हवीत. शहरात दहा ठिकाणी मिळून १०० मेगावॉट बॅटरी बसवण्याचं काम मंजूर झालं आहे ते याच दिशेने जाणारं आहे. कोळशाच्या मानाने आकडा लहान दिसतो, पण या जागी पाहिजे तो वेग, आणि तो बॅटरीकडे आहे. अशा बेटांची दर वर्षी प्रत्यक्ष चाचणी व्हावी, एखाद्या रविवारी पहाटे, आणि निकाल आयोगाने जाहीर करावेत. कोणता फीडर रिलेने तोडायला हवा होता आणि तुटला नाही, हे कागदावरच्या तालमीत कळत नाही.

राहिली ती ट्रॉम्बेची जागा. कोळसा थांबला की बॉयलर आणि चिमणी जाईल, पण तिथलं स्विचयार्ड (वाहिन्या जोडण्या-तोडण्याचं आवार), शहरात शिरणाऱ्या वाहिन्या आणि जनित्र यांना पर्याय नाही. जर्मनीत बिब्लिस अणुकेंद्र बंद झाल्यावर त्याचं जनित्र टर्बाइनपासून सोडवून २०१२ पासून नुसतं फिरतं ठेवलं गेलं, कारण व्होल्टेज सावरायला तेवढं पुरत होतं. ट्रॉम्बेच्या ५०० मेगावॉटच्या जनित्राबाबत हे जमेल का, याचा तांत्रिक अभ्यास २०२९च्या आधी व्हायला हवा. बॅटरीसाठीही याहून बरी जागा शहरात दुसरी नाही, कारण जोडणी तयार आहे. गिरण्यांच्या जमिनींना १९९१ च्या नियमावलीत एक-तृतीयांशाचं सूत्र होतं (एक वाटा मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला), आणि २००१ च्या एका दुरुस्तीने ते गिरणीच्या आवारातल्या बांधकाम नसलेल्या जागेपुरतंच उरलं. बाकी काय झालं ते परळमध्ये उभं आहे. ट्रॉम्बेच्या करारात कोळसा थांबवण्याच्या तारखेसोबतच, ही जमीन वीज पारेषण आणि साठवणुकीखेरीज दुसऱ्या कामाला देता येणार नाही, असं कलम आत्ताच घालून घ्यायला हवं. २०२९ मध्ये ते मागायला गेलं, तर तोवर नकाशे मंजूर झालेले असतील.